खिशात मावेल अशी बॅटरी सुचवा (बजेट १२००)

ऊसवाला_जुन्नर
राम राम मंडळी. चाकणला कंपनीत आहे. दुसरी पाळी सुटून घरी पोचायला रात्रीचा दीड वाजतो. पावसाळ्यात वस्तीवर गाडी जात नाही, डांबरीवर लावून दहा मिनिटं चालत जावं लागतं, दोन्ही अंगाला ऊस. शिवाय शेतीची लाईट रात्रीची असली की सुट्टीच्या दिवशी दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, मीच. आजवर मोबाईलच्या उजेडावर भागवलं, पण मागच्या आठवड्यात फोन पाटात पडला.

पँटच्या खिशात किल्ल्यांबरोबर राहील आणि एका हाताने चालू होईल अशी पाहिजे, दुसऱ्या हातात काठी असते. पन्नास पावलांवर डोळे चमकले तर कळायला हवं. आमच्याकडे बिबट्या आहे, हे जुन्नर म्हटल्यावर सांगायला नको. बजेट १२००. वर जाणार नाही.

गडकोट_भटक्या
डोळे झाकून फेनिक्स पीडी३६आर घ्या. १६०० ल्युमेन उजेड, २१७०० मापाचा सेल, टाइप-सी चार्जिंग. माझी नाणेघाटात दगडावर पडली, पाण्यात पडली, काही झालं नाही. नऊ हजारांच्या वर जाते, पण जिवापुढे पैसा काय?

ऊसवाला_जुन्नर
भाऊ, १२०० लिहिलंय.

गडकोट_भटक्या
वाचलं. तरीही सांगतो, थोडे साठवून घ्या.

जुना_गडी
हल्लीच्या बॅटऱ्या म्हणजे खेळणी. आमच्या वडिलांकडे एव्हरेडीची पितळी जीवनसाथी होती. तीन सेल, गळ्याशी फिरवलं की झोत बारीक-मोठा व्हायचा, मागच्या झाकणात जादाचा बल्ब. चोर आला तर डोक्यात घालायलाही उपयोगी. अजून माळ्यावर आहे.

शुद्धमती
विषय चांगला आहे, पण बॅटरी म्हणजे आतला विद्युतघट. वस्तूला विजेरी म्हणावं.

जुना_गडी
ताई, आमच्यात सेल म्हणजे सेल आणि बॅटरी म्हणजे बॅटरी. विजेरी फक्त शाळेच्या पुस्तकात भेटली.

पस्तावलो_बुवा
काहीही घ्या, पण ऑनलाइन जाहिरातीतली 'मिलिटरी' बॅटरी घेऊ नका. मी घेतली २९९ ला. खोक्यावर ८०,००० ल्युमेन, सेलवर ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज साठते ते). चार्जिंगला लावून जेवायला बसलो तर जळका वास. चार्जरचं प्लास्टिक ओट्याला चिकटलेलं. बायकोने तो डाग अजून पुसू दिलेला नाही, पाहुण्यांना दाखवते.

ट्यूबलाईट
पस्तावलो, सेल बघूनच ओळखायचं होतंत. असल्या बॅटरीत १८६५० मापाचा सेल असतो, म्हणजे १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब. एवढ्या नळकांड्यात चांगल्यात चांगला सेल ३५०० एमएएचच्या आसपास भरतो. ९९०० ही थाप. ८०,००० ल्युमेनबद्दल तर बोलायलाच नको.

ऊसवाले, तुमच्या कामाला ल्युमेनपेक्षा कँडेला बघा. ल्युमेन म्हणजे एकूण उजेड किती, कँडेला म्हणजे झोत किती एकवटलाय. खोक्यावर मीटरमध्ये जो पल्ला लिहितात तो कँडेलाच्या वर्गमुळाची दुप्पट. १०,००० कँडेला असेल तर २०० मीटर. पण त्या अंतरावर जेमतेम चांदण्याएवढा उजेड पोचतो, म्हणून मी निम्म्यावरच भरवसा ठेवतो. पन्नास पावलं म्हणजे पस्तीस-चाळीस मीटर. २५००-३००० कँडेला तुम्हाला पुष्कळ झाले.

आणखी एक. एवढ्याशा बॅटरीत हजार-बाराशे ल्युमेन दोन-तीन मिनिटंच टिकतात. मग ती तापते आणि आपणहून उजेड उतरवते. बिघडली समजून परत करू नका.

मी वुर्कोस एफसी११ वापरतो. एक १८६५०, टाइप-सी, बुडाला चुंबक. ट्रॅक्टरच्या बॉनेटला चिकटते. किमती खालीवर होतात, तुमच्या बजेटच्या वरच जाईल बहुधा.

गडकोट_भटक्या
म्हणजे बजेटच्या वरचीच सांगितलीत ना? मग मी काय वेगळं म्हणालो?

ट्यूबलाईट
सात-आठ हजारांचा फरक आहे राव.

कॅनडातला_काका
आमच्याकडे उणे पंचवीसमध्ये अल्कलाइन सेल मान टाकतात. लिथियमच घ्या.

ऊसवाला_जुन्नर
काका, इथे पंचवीस असतं, पण उणे नाही.

रानपाखरू
हेडलॅम्प घ्या! दोन्ही हात मोकळे. दारं धरताना एका हातात फावडं, दुसऱ्यात बॅटरी, कसं जमायचं?

मळेकर
रानपाखरू, तुम्ही कधी रात्रीचं पाणी दिलंय का? ओल्या वाफ्यावर कपाळाला दिवा लावून उभं राहा. पाच मिनिटांत शेतातले झाडून सगळे किडे डोळ्यांत, नाकात, तोंडात. एकदा एक गिळलासुद्धा. मी दिवा कमरेला बांधतो, खाली तोंड करून.

आणि बिबट्याचं म्हणाल तर वाकून काम करणारा माणूस त्याला जनावरासारखा दिसतो. मोबाईलवर गाणी मोठ्याने लावा, एकटे जाऊ नका.

रानपाखरू
मी ट्रेकबद्दल बोलत होते. एवढं चिडायला काय झालं?

भाजलेला_खिसा
खिशात ठेवणार असाल तर कुलूप आहे का बघा. माझी लोकलमध्ये खिशात आपोआप चालू झाली. मांडीला चटका बसला तेव्हा कळलं. खिशाला आतून काळं भोक. तेव्हापासून मागचं झाकण पाव आटा सैल करून ठेवतो, मग बटण दाबलं तरी पेटत नाही. लोकलमध्ये पँट झटकणारा माणूस बघून लोक कसे लांब सरकतात ते वेगळं लिहीन.

जुना_गडी
पितळी बॅटरीला सरकवायचं बटण होतं. आपोआप चालू व्हायची नाही.

वाडीवरची_आशा
मी गावची आशा सेविका आहे. रात्री-अपरात्री बाळंतिणीला घेऊन निघावं लागतं. माझ्याकडे एका पेन्सिल सेलची, बोटाएवढी आहे. फार लांब फेकत नाही, पण सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. तुमच्या त्या १८६५० चा सेल आमच्या वाडीत कोण देणार?

उजेड पिवळसर असलेली बघा दादा. निळसर पांढऱ्यात पाचटावर पडलेली घोणस कळत नाही, सगळं एकाच रंगाचं दिसतं. मी एकदा पाय टाकणारच होते, बरोबरच्या सासूबाईंनी मागून ओढलं. आणि चालताना झोत लांब नको, पायापुढे दोन पावलांवर ठेवायचा. सेल महिनोन् महिने आत ठेवू नका. माझा एक पाझरला, स्प्रिंगवर मिठासारखं पांढरं साचलं.

ट्यूबलाईट
ताईंचं रंगाचं शंभर टक्के बरोबर. सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, शंभरपैकी) ९० च्या पुढचा आणि ४०००-५००० केल्विनचा एलईडी बघा; केल्विन जितके कमी तितका उजेड पिवळसर. एक धोका सांगून ठेवतो. पेन्सिल सेलच्याच मापाचा १४५०० नावाचा लिथियम सेल मिळतो. तो ३.७ व्होल्टचा, पेन्सिल सेल १.५ चा. बॅटरीवर चालतो असं लिहिलेलं नसेल तर तो घालू नका, एका क्षणात एलईडी जातो.

पस्तावलो_बुवा
हेच सांगणार होतो. ऑनलाइन काही घेऊ नका.

हौशी_चिनी_माल
पूर्वी अलीएक्स्प्रेस या चिनी खरेदीच्या ॲपवरून कॉन्व्हॉय एस२ प्लस बॅटरी मागवायचो. २०२० च्या नोव्हेंबरात इथे ते ॲप बंद झालं आणि मजा गेली. माझ्याकडे सहा रंगांत सहा आहेत. विकायच्या नाहीत.

गडकोट_भटक्या
मग सांगितलंत कशाला?

ऊसवाला_जुन्नर
सगळ्यांचे आभार. काल नारायणगावला खताला गेलो होतो, तिथेच घेतली. ३५० रुपये, पिवळं प्लास्टिक, आतच चार्जिंग. कंपनीचं नाव पुसट आहे, वाचता येत नाही. दुकानदार ओळखीचा आहे, बिघडली तर बदलून देतो म्हणाला. ऊसाच्या कडेला मारून बघितली, पार विहिरीपर्यंत उजेड जातो. वडिलांना पसंत पडली, आता त्यांच्याकडेच असते.

खिशात मावत नाही. सदऱ्यात खोचून नेतो.

भाजलेला_खिसा
धाग्याचं नाव काय होतं हो?

ट्यूबलाईट
उजेड पांढरा की पिवळसर? आणि आतला सेल बदलता येतो का?

ऊसवाला_जुन्नर
निळाच आहे थोडा. मागे चार स्क्रू आहेत. अजून उघडली नाही, वडिलांची नजर चुकवून उघडावी लागेल.

वाडीवरची_आशा
मग पायापुढे बघून चाला दादा.