क्रूझवरून उतरून एका दिवसाची सहल: अनुभव, हिशेब आणि बारकावे

क्रूझ ठरवताना केबिन, डेक, मार्ग यांवर भरपूर चर्चा होते. बंदरावर मिळणाऱ्या सहा-आठ तासांचं काय करायचं हे मात्र निघायच्या आठवड्यात ठरतं. या धाग्यावर फक्त त्या तासांबद्दल लिहू या. ज्यांनी अशा सहली आखल्या, नेल्या किंवा वरचेवर केल्या आहेत त्यांनी नेमकं लिहावं: अंतरं, वेळा, कागदपत्रं, कुठे आणि का फसतं. 'फार छान झाली' एवढ्यावर पुढच्याला काही ठरवता येत नाही.

सुरुवात वेळेपासून करतो. हिशेब शेवटाकडून मांडायचा. जहाजाच्या रोजच्या पत्रकात दोन वेळा छापलेल्या असतात: जहाज सुटण्याची आणि सगळ्यांनी परत चढण्याची, म्हणजे 'ऑल अबोर्ड'. ही दुसरी वेळ बहुधा अर्धा तास आधीची असते, काही ठिकाणी तासभर. सकाळी ७ ते संध्याकाळी ६ असा मुक्काम असेल तर कागदावर ११ तास दिसतात. गँगवे, म्हणजे जहाजातून धक्क्यावर उतरायची वाट, उघडायला स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी लागते, त्यात आणि उतरण्याच्या रांगेत पाऊण तास जातो. परतीचा अर्धा तास, वाहतूक खोळंब्यासाठी एक तास वजा केला की पावणेनऊ तास उरतात.

आता अंतर. रोमसाठी जहाज चिवितावेक्क्याला लागतं, तिथून रोम सुमारे ८० किमी. जाऊन-येऊन तीन तास धरा, शहरासाठी पाच-साडेपाच उरतात, म्हणजे जमतं. पॅरिससाठी बंदर ल हाव्र, अंतर सुमारे २०० किमी, रस्त्यातच पाच-सहा तास. शहरात तीन तास मिळाले तरी ते खिडकीतून बघण्यात संपतात. त्यापेक्षा सेन नदीच्या मुखापलीकडचं ओंफ्लर अर्ध्या तासावर आहे, तिथे दिवस निवांत जातो. वार्नेम्युंडहून बर्लिनचंही तेच, एका बाजूचे जवळजवळ तीन तास. माझ्या मते प्रवासाचा वेळ प्रत्यक्ष बघण्याच्या वेळेपेक्षा जास्त होत असेल तर ती सहल सोडावी, नाव कितीही मोठं असो.

मार्गपत्रिकेतलं बंदराचं नावही नीट वाचा. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून जाता येत नाही. त्यामुळे 'व्हेनिस' लिहिलेली काही जहाजं प्रत्यक्षात रावेन्ना किंवा त्रिएस्तेला लागतात. रावेन्नाहून व्हेनिस बसने दोन-अडीच तास आहे.

जहाजावरच्या एक्सकर्शन डेस्कचं, म्हणजे सहली विकणाऱ्या काउंटरचं, काम माहीत असलेली मी लिहिते आहे

जहाजाकडून सहल घ्यावी की बाहेरच्या आयोजकाकडून, हा कायमचा प्रश्न. फरक गाइडच्या दर्जात फारसा नसतो. कित्येकदा स्थानिक गाइड आणि बस दोन्हीकडे त्याच असतात. फरक आहे तो जोखीम कुणाची याचा. जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं, आणि अगदीच थांबता आलं नाही तर पुढच्या बंदरापर्यंत पोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. बाहेरच्या सहलीत ती जबाबदारी तुमची.

म्हणून सरसकट नियम नको. बंदरापासून दूरच्या, एकाच हमरस्त्यावर अवलंबून असलेल्या आणि दिवसभराच्या सहली जहाजाकडून घ्या. डुब्रोवनिकसारख्या ठिकाणी, जिथे ग्रुझच्या धक्क्यापासून जुनं शहर जेमतेम तीन किमी आहे, तिथे आठ-दहा जणांच्या छोट्या गटाची स्थानिक पायी सहल कधीही सरस. जहाजाच्या बसमध्ये चाळीस-पन्नास माणसं असतात. त्यातल्या प्रत्येक स्वच्छतागृह-थांब्याला वीस मिनिटं लागतात.

बाहेरची सहल घेताना तीन गोष्टी लेखी मागा. जहाज बंदराला लागलंच नाही तर पूर्ण परतावा मिळेल का? परतीची वेळ ऑल अबोर्डच्या किमान दीड तास आधीची आहे का? भेटण्याची जागा बंदराच्या फाटकाबाहेर की आत? मोठ्या मालवाहू बंदरांत धक्क्यावर चालायला मनाई असते. फाटकापर्यंत शटल बस घ्यावी लागते आणि तिची रांग वेगळी.

जहाजाच्या सहलीचं तिकीट रद्द करायची मुदत साधारण २४ ते ४८ तास आधी संपते. हेलिकॉप्टर, रेल्वे आणि लांबच्या सहलींना ती त्याहूनही आधी संपते, हे आरक्षणाच्या वेळीच पाहा.

टेंडर बंदरांबद्दल

वरचा हिशेब धक्क्याला लागणाऱ्या जहाजाचा आहे. जहाज समुद्रात नांगर टाकून उभं राहतं आणि छोट्या होड्यांनी, म्हणजे टेंडरने, किनाऱ्यावर नेतात तिथे तो मोडतो. सँटोरिनी, ग्रँड केमन, बेलीझ सिटी ही ठळक उदाहरणं. बेलीझमध्ये पाणी उथळ असल्याने जहाज बरंच लांब थांबतं आणि होडीतलं अंतरच मोठं असतं.

टेंडरला आधी जहाजाच्या सहलीवाले जातात, मग बाकीचे क्रमांकाच्या चिठ्ठीने. स्वतंत्र सहल घेतली असेल तर जहाज पोचण्याच्या छापील वेळेनंतर किमान दीड-दोन तासांनी सुरू होणारी घ्या. परत येताना ऑल अबोर्ड विसरा, शेवटच्या टेंडरची वेळ लक्षात ठेवा.

सँटोरिनीला आणखी एक पेच आहे. जहाजाच्या सहलीवाल्यांना बहुधा अथिनिओसच्या धक्क्यावर उतरवून बसने इया गावी नेतात आणि शेवटी फिरा गावात सोडतात. तिथून खाली जुन्या बंदरावर आपलं आपण यायचं. वाटा तीन: केबल कार, पाचशेहून जास्त पायऱ्या किंवा त्याच पायऱ्यांवरून गाढव. एका दिवशी तीन-चार जहाजं असली की केबल कारची रांग तासाच्या वर जाते. पायऱ्या गुळगुळीत झालेल्या आहेत, त्यावर गाढवांची लीद असते, गुडघे धडधाकट असतील आणि बूट पकडीचे असतील तरच चालत उतरा. गाढवावर बसू नये असं माझं ठाम मत आहे, उन्हात दिवसभर ओझं वाहणारे जीव आहेत ते.

होडी आणि जहाज यांतली फट लाटेबरोबर वरखाली होते. ती स्वतःच्या पायांनी ओलांडता आली पाहिजे. विजेवर चालणारी स्कूटर बहुतेक टेंडरवर घेत नाहीत आणि लाटा जास्त असतील तर व्हीलचेअरलाही नकार मिळतो. सोबत ज्येष्ठ असतील तर मार्गातली किती बंदरं टेंडरची आहेत हे क्रूझ घेतानाच विचारा.

घड्याळाबद्दल एवढंच

काही जहाजं पूर्ण प्रवासात एकच 'शिप टाइम' पाळतात, किनाऱ्यावरची वेळ वेगळी असली तरी. मोबाइल किनाऱ्याचं नेटवर्क पकडून आपोआप बदलतो. फोनची आपोआप बदलणारी वेळ बंद करा किंवा साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा. बाहेरच्या गाइडशी ठरवताना 'कुणाची वेळ' हा शब्द उच्चारूनच बोला.

बस आणि गाइड यांच्या बाजूने

'अजून एक ठिकाण घ्या ना' हा आग्रह दर सहलीत होतो, आणि गाइड नाही म्हणाला की तो आळशी ठरतो. युरोपीय संघात चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे आणि दिवसाला साधारण नऊ तासांची मर्यादा. गाडीतल्या यंत्रात त्याची नोंद होते. थांबे त्या नियमाभोवती आखलेले असतात. एक गट दहा मिनिटं उशिरा आला की ती दहा मिनिटं पुढच्या प्रेक्षणीय स्थळातून कापली जातात.

गाइडचा आवाज ऐकवणारं कानात लावायचं यंत्र बसमध्येच तपासा. चॅनेल जुळला नसेल तर बॅसिलिकाच्या गर्दीत दुरुस्त करता येत नाही. अंगावर चिकटवलेला बसचा क्रमांक काढू नका आणि पार्किंगमध्ये बसच्या नंबरपाटीचा फोटो घ्या, कारण एकसारख्या पंचवीस बस उभ्या असतात.

व्हॅटिकनमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. तिथली संग्रहालयं बहुतेक रविवारी बंद असतात, म्हणून जहाज रविवारी लागत असेल तर कार्यक्रम बारकाईने वाचा. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसला वेळेचं तिकीट लागतं आणि उन्हाळ्याच्या लाटेत ते दुपारी काही तास बंद ठेवतात. सकाळची सहलच घ्यावी.

व्हिसा आणि पासपोर्ट

ग्रीसहून तुर्कीला जाऊन परत ग्रीसला येणाऱ्या मार्गावर शेंगेन व्हिसा बहुप्रवेशी हवा. एकदा शेंगेनबाहेर पडलात की एकप्रवेशी व्हिसा संपतो. अलास्कातल्या स्कॅगवेच्या व्हाइट पास रेल्वेतही कागदपत्रं पाहावीत: शिखरापर्यंत जाऊन त्याच गाडीने परतणारी सहल वेगळी आणि कॅनडातल्या फ्रेझरपर्यंत जाणारी वेगळी. दुसरीला पासपोर्ट जवळ लागतो, आणि तुमच्या नागरिकत्वानुसार कॅनडाचा व्हिसाही. काही जहाजं पासपोर्ट रिसेप्शनवर जमा ठेवतात, अशा सहलीसाठी तो आदल्या दिवशी मागून घ्या.

पाण्याखालच्या आणि हवेतल्या सहली

स्कूबा आणि हेलिकॉप्टर एकाच दिवशी ठेवू नका. रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुड्यांच्या रूपात सुटतो. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्यास किमान १८ तास विमान नको, असा प्रचलित सल्ला आहे. म्हणजे परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीचं बंदर डाइव्हसाठी बाद समजा. अलास्कातल्या हिमनदीच्या हेलिकॉप्टर सहलीत प्रत्येकाचं वजन करतात आणि आसनं त्यानुसार देतात. ढग खाली आले की उड्डाण रद्द होतं, म्हणून त्या दिवशीचा पर्याय मनात ठेवा.

न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांसाठी

जहाजाच्या बुफेतलं फळ किंवा सँडविच पिशवीत घालून उतरू नका. जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत, धक्क्यावर कुत्रे हुंगतात, आणि न्यूझीलंडमध्ये न सांगता नेलेल्या फळासाठी जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड आहे. पाण्याची बाटली चालते.

जहाज चुकलंच तर काय करायचं, असं कुणीतरी विचारलंय म्हणून

बंदरात जहाज कंपनीचा पोर्ट एजंट असतो. त्याचं नाव आणि फोन रोजच्या पत्रकावर छापलेले असतात, उतरण्याआधी त्याचा फोटो काढा. उशीर होतोय हे कळताच, धक्क्यावर पोचायची वाट न बघता, त्याला फोन करा. तुम्ही परतला नाहीत हे ओळखपत्राच्या नोंदीवरून जहाजाला कळतं. अशा वेळी बहुधा कर्मचारी केबिनच्या तिजोरीतून पासपोर्ट काढून एजंटकडे देतात. म्हणून पासपोर्ट सामानाच्या तळाशी न ठेवता तिजोरीतच ठेवा. जहाजाची सहल नसेल तर पुढच्या बंदरापर्यंतचा प्रवासखर्च तुमचा. पुढचं बंदर दुसऱ्या देशात असेल तर तिथला व्हिसा हवाई मार्गानेही चालतो का, हे एजंटला विचारून मगच तिकीट काढा. रोजची औषधं, एक बँक कार्ड, चार्जर आणि पासपोर्टची छायाप्रत उतरताना अंगावरच्या पिशवीत असू द्या.