अनुभव धागा: वायपरचा दांडा काढला आणि…

गाडीवान
काल गॅरेजमध्ये पोऱ्याने वायपरचा दांडा काढायच्या आधी पातं थांबतं तिथे काचेवर खडूने रेघ ओढली आणि मी एकदम १९९४ च्या जूनमध्ये. कोल्हापूरचा पाऊस, बाबांची मारुती ८००, मी छत्री धरून. बाबांनी दांड्याच्या बुडाची काळी टोपी उचकटली, नट फिरवला, सुटला. दांडा ढिम्म. आतला आस निमुळता, दातेरी, त्यावर पाच पावसाळ्यांचा गंज. रॉकेल सोडलं, चहा प्यायले, मग दांडा वरखाली डुलवत बसले. अर्ध्या तासाने 'टक्'. त्या आनंदात माझ्या हातातला नट काचेखालच्या जाळीत! जुन्या स्पीकरचं चुंबक सुतळीला बांधून काढला. बाबा एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.
तुमचे किस्से येऊ द्या.

मुळ्याची भाजी
पहिली! कुकर लावलाय, नंतर लिहिते.

घाटवाट
रेघ न मारता बसवलाय मी. ड्रायव्हरकडचं पातं थेट काचेच्या कडेच्या खांबावर, टक टक टक. बुडाशी एक दात चुकला की टोकाला चार बोटं फरक. परत काढून बसवला तर दुसरीकडे चुकला, कारण मोटर मध्येच थांबलेली. वायपर चालू करून त्याच्याच बटणाने बंद करायचा, म्हणजे मोटर आपल्या जागी येऊन थांबते. मी चावीच फिरवली होती. हे बायकोने मॅन्युअल वाचून सांगितलं. मॅन्युअल कोण वाचतं??

सान्वीची आई
@घाटवाट बायका वाचतात.

ढगफुटी
पातं काढलं, दांडा उभा ठेवला, फोन आला म्हणून वळलो. खाट्! स्प्रिंगने नुसतं लोखंड काचेवर आपटलं, खालपासून वरपर्यंत तडा. तेव्हापासून काचेवर आधी टॉवेलची घडी, मग बाकीचं. घरचे विचारतात टॉवेल सारखे कुठे जातात.

गाडीवान
@ढगफुटी आई गं.

नाचणीसत्त्व
ताम्हिणीत, भर जुलैत, नट ढिला. मोटर घुं घुं करतेय, दांडा झोपलेला. पाना घरी. सासरे उतरले, चंची सोडली, चिमूटभर तंबाखू ओली करून काचेवर चोळली. पाणी थेंब धरेना, पसरून जायला लागलं. हळूहळू पौडपर्यंत आलो. सासूबाई तंबाखूवर बोलायच्या बंद झाल्या. चार दिवस.

ढगफुटी
कापलेला बटाटा पण चोळतात ना?

नाचणीसत्त्व
हो, उरलेल्याच्या काचऱ्या.

घाटवाट
काचेवरून काचऱ्या, लोळतोय इथे.

बर्फातला मावळा
मिनेसोटा. इथे रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे दांडे असे धरतात की डुलवून काही होत नाही. डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा फवारा) मारून रात्रभर ठेवलं, शेवटी शेजाऱ्याचा पुलर, म्हणजे दांडा ओढून काढायचं अवजार, आणला. दोन मिनिटं. तीन दिवस मी काय करत होतो मग? हातोडी मात्र घेऊ नका, खालची जोडणी वाकते. अवांतर: तिकडे आंबे संपले का?

सान्वीची आई
हापूस संपला. पायरी थोडी दिसते. @गाडीवान बाबांचं वाचून डोळ्यात पाणी आलं. आमचे पण असेच, रागावले की गप्प.

गाडीवान
@सान्वीची आई हो ना. आता गाडी त्यांना चालवता येत नाही, पण रेघ मारलीस का हे फोनवर विचारतात.
बरं, आज माझा मीच बसवतोय. नट किती आवळायचा?

घाटवाट
आधी आतल्या दातांवरून तारेचा ब्रश फिरव. मग घट्ट, पण पान्याला लोंबकळू नकोस. ढिला राहिला तरी दाते सोलले जातात, म्हणून एका पावसानंतर परत पाना लावून बघ. चालवून बघताना काच ओली कर.

मुळ्याची भाजी
आले. शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, झाकण निघत नाहीये. कोणाकडे पुलर आहे का?

बर्फातला मावळा
आधी वाफ जाऊ दे ताई.

ढगफुटी
आणि रॉकेल नको.