चॅप्टर ७: आईला पाठवायचे पैसे मीन्स टेस्टमध्ये खर्च म्हणून धरतात का?

एडिसनचा_सांगलीकर:
नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत असतो. घरात चौघं. नोकरी गेली तेव्हा सात महिने क्रेडिट कार्डांवर संसार ओढला, त्यातच धाकट्याचं ऑपरेशन झालं. आता नोकरी लागून चार महिने झालेत, बायकोही अर्धवेळ जाते, पण डोक्यावर ६२ हजार डॉलर आहेत. चॅप्टर ७, म्हणजे कर्जं माफ करून घ्यायची दिवाळखोरी, त्यासाठी अर्ज करायचा विचार आहे; पुढच्या मंगळवारी वकिलाची पहिली भेट आहे. त्याआधी रात्री एक्सेल घेऊन बसलो, तर आमची मिळकत राज्याच्या मीडियनच्या (आमच्याएवढ्या कुटुंबांच्या मधल्या मिळकतीच्या) जरा वर जातेय. म्हणजे मीन्स टेस्ट, मिळकतीतून ठरावीक खर्च वजा करून अर्ज बसतो का ते बघायची चाचणी, तिच्यात सगळं खर्चावर आलं. माझी महिन्याची यादी: भाडं २,६५०, डेकेअर १,४००, कार्डांचे किमान हप्ते १,३००, ४०१-केमध्ये (निवृत्तीच्या बचतीत) ५००, सांगलीला आईला ३००. गाडीचं कर्ज फिटलंय. यातलं काय धरतात? आईला यातलं काहीच माहीत नाही. तिचे पैसे थांबवावे लागतील का, हा माझा खरा प्रश्न.

नॉर्थब्रन्सविक_०७:
सगळं लिहून टाका हो. अर्ज तपासणारा ट्रस्टी कापायचं ते कापेल.

शेवग्याची_शेंग:
असं करू नका! शपथेवर सही असते त्यावर, खोटं लिहिणं गुन्हा आहे. आम्ही नवराबायको २०१९ मध्ये यातून गेलोय, म्हणून सांगते.

खाणंपिणं, कपडे, भाडं यांना तुमचा खर्च विचारतच नाहीत. आयआरएसचे, म्हणजे कर खात्याचे, ठरलेले आकडे असतात, भाड्याचा तर काउंटीप्रमाणे. मी दोन वर्षांच्या किराणाच्या पावत्या फाईल करून नेल्या होत्या, वकीलबाईंनी उघडूनसुद्धा पाहिल्या नाहीत. डेकेअर मात्र खरं भरता तेवढं धरतात. कार्डांचे हप्ते विसरा, तीच कर्जं तर माफ करून घ्यायची आहेत. आपल्या मर्जीने भरलेलं ४०१-केसुद्धा नाही. गाडीचं पेट्रोल-देखभाल मिळेल, पण हप्ताच नाही तर गाडीच्या मालकीची वजावट नाही. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानेच तसं सांगितलंय.

आता आई. वृद्ध, आजारी किंवा अपंग जवळच्या नातेवाइकाला तुम्ही आधीपासून देत असाल, त्यांना स्वतःला तो खर्च झेपत नसेल, आणि रक्कम वाजवी असेल, तर कायद्यात त्याला जागा आहे. आईवडील त्यात स्पष्ट येतात. फक्त पुरावा हवा. अर्ज करायचं ठरल्यावर अचानक सुरू केलेले पैसे कोणी मानत नाही.

एडिसनचा_सांगलीकर:
तीन वर्षांपासून दर महिन्याला पाठवतोय, बँकेतून. वडील गेले, पेन्शन नाही. साखरेची औषधं आणि कामवाली, दोन्ही त्यातूनच.

शेवग्याची_शेंग:
मग बँकेची स्टेटमेंटं आणि औषधांची बिलं काढून ठेवा. पण मला एक सांगा, मिळकत कशी मोजलीत? आत्ताचा पगार गुणिले बारा?

एडिसनचा_सांगलीकर:
हो. अजून कशी मोजणार?

शेवग्याची_शेंग:
अहो, तिथेच गफलत आहे! अर्ज ज्या महिन्यात करता त्याच्या आधीच्या पूर्ण सहा महिन्यांची सरासरी काढायची आणि मग बाराने गुणायचं. तुमच्या सहातले दोन महिने बिनपगारी आहेत. त्या महिन्यांत दुसरं काही हातात आलं असेल तर तेही वकिलाला सांगा. सरासरी मीडियनच्या खाली गेली तर वजावटीचा तो लांबलचक फॉर्म भरायचाच नाही. उलट आणखी दोन महिने थांबलात तर ते रिकामे महिने हिशोबातून निघून जातील. महिन्याचं बजेट तरीही द्यावं लागतं, आणि ते आजच्या पगारावर. त्यात आईचे पैसे खरे तेवढेच लिहा.

एडिसनचा_सांगलीकर:
आत्ता मोजलं. बायकोचा पगार धरूनही मीडियनच्या खाली! तीनदा तपासलं. मंगळवारची वाट बघत नाही, उद्या सकाळीच वकिलाला फोन लावतो. सांगलीचे ३०० आत्ताच पाठवले.