सापाची कात अडकली तेव्हा: तुमचे अनुभव सांगा

मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. घरी बॉल पायथन आहे. हा आफ्रिकेतला लहान अजगर, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंदवलेला. आपल्याकडचा कुठलाही साप घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

यंदा मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला आणि त्याची कात पहिल्यांदाच तुकड्यातुकड्यांनी निघाली. एरवी कात ओठापासून सुटते आणि पायमोजा उलटा करून काढावा तशी शेपटीपर्यंत अखंड येते. या वेळी पाठीवर जुन्या कातीचे पट्टे राहिले, वाळलेल्या कांद्याच्या सालीसारखे, कडा उचललेल्या. शेपटीच्या टोकाशी एक कडं घट्ट बसलं होतं. बघूनच पोटात गोळा आला.

चूक माझीच होती. हिवाळ्यात ऊब म्हणून लावलेला बल्ब मी उन्हाळ्यातही चालूच ठेवला होता. आर्द्रता मोजली तर 28 टक्के. या सापाला साधारण 60 लागते, कात यायच्या दिवसांत 70 च्या पुढे असली तर बरं. बल्ब काढला. झाकणाच्या डब्याला भोक पाडलं, आत ओला, पिळून घेतलेला नारळाचा काथ्या भरला आणि डबा पेटीत ठेवला. तो त्याच संध्याकाळी आत जाऊन बसला, दोन दिवस हलला नाही. तिसऱ्या दिवशी पट्टे आपोआप सुटले. शेपटीचं कडं मात्र तसंच. ते तिथे राहिलं तर पुढचं रक्त अडतं आणि टोक वाळून गळून पडतं, एवढं वाचून माहीत होतं. घमेल्यात कोमट पाणी घेतलं, त्याच्या अंगाच्या निम्म्या उंचीइतकंच, आणि वीस मिनिटं शेजारी बसून राहिलो. मग ओल्या टॉवेलमधून त्याला सरकू दिलं. दुसऱ्या खेपेला कडं निघालं.

तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहा. पाळलेला साप असो की वावरात सापडलेला.

दारव्हा तालुका, सर्पमित्र

माझा अनुभव जाळीचा आहे. रानडुकरांसाठी वावराभोवती नायलॉनची जाळी लावतात, त्यात दर पावसाळ्यात धामणी अडकतात. दोन वर्षांपूर्वी अशीच एक सहा-सात फुटांची धामण निघाली. मानेपासून वीतभर खाली जाळीने अंग कापलं होतं. कात्रीने एकेक धागा सोडवायला पाऊण तास गेला. तोवर बांधावरचे शेतकरीदादा तिच्यावर छत्री धरून उभे होते. "लेकरावानी धरा जी तिले," एवढंच ते म्हणत होते.

वनविभागाला कळवलं, नोंद झाली, उपचार केंद्रात दाखल केली. जखम भरत आली तशी तिने कात टाकली, पण जखमेच्या जागी ती सुटेना. तिथे नवे खवले वाकडेतिकडे येतात, कात तिथेच धरून बसते. जखमी साप नेहमीपेक्षा लवकर लवकर कात टाकतो, म्हणजे दर वेळी जुन्या कड्यावर नवं कडं. तिथल्या डॉक्टरांनी हात लावला नाही. गोणपाट भिजवलं, दुमडून पेटीत ठेवलं आणि तिला त्या दोन थरांमधून जाऊ दिलं. तासाभरात ती चार-पाच वेळा आरपार गेली. शेवटच्या फेरीत हातातून बांगडी उतरावी तसं ते कडं मागे राहिलं.

आता जिथे जिथे जातो तिथे जाळीऐवजी दुसरं काही लावा म्हणून सांगतो. साप अडकलेला दिसला तर ओढू नका, 1926 वर वनविभागाला फोन करा.

पुसद भाग, पशुवैद्यक

माझ्याकडे गाई-बैलच जास्त येतात, पण गेल्या काही वर्षांत पाळलेले परदेशी सापही येऊ लागलेत. डोळ्यांबद्दल लिहितो, कारण नुकसान तिथेच होतं.

सापाला पापणी नसते. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, तोही कातीबरोबर बदलतो. कात यायच्या आधी जुन्या-नव्या थरांमध्ये द्रव साचतो, म्हणून डोळे दुधाळ निळसर होतात. ते पुन्हा निवळतात आणि त्यानंतर काही दिवसांत कात पडते. या काळात सापाला नीट दिसत नाही. त्याला उचलू नका, भरवायचा आग्रह धरू नका. कात पडली की तिचा डोक्याकडचा भाग उजेडात धरा. दोन गोल भिंगं दिसली पाहिजेत. एखादं नसेल तर ते डोळ्यावरच राहिलंय. ओलावा वाढवा आणि पुढच्या कातीची वाट बघा, बहुतेकदा त्या वेळी निघून जातं. दोनदा राहिलं तर डॉक्टरकडे न्या.

खोबरेल लावून आणू नका. कातीखाली ओल जात नाही, मुंग्या मात्र येतात. आणि पाण्याच्या भांड्यात तळाशी खसखशीएवढे काळे ठिपके दिसले तर ते माइट, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे, असू शकतात. ते असले की कात बिघडतेच, मग कितीही भिजवा.

अमरावतीजवळून

वरचं मला चार वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं. माझ्या कॉर्न स्नेकच्या (अमेरिकेतला बिनविषारी साप) डोळ्यावर असंच भिंग राहिलं होतं. मी चिमट्याने काढलं. बरोबर खालचा नवा खवलाही आला. तो डोळा गेला. साप अजून आहे, खातोपितो, पण त्या बाजूने हात नेला की दचकतो. मला अजूनही त्याच्याकडे नीट बघवत नाही.

हिंगणघाट तालुका, शिक्षिका

आमचा पाळीव नाही, शाळेमागच्या पऱ्हाट्यांच्या ढिगातला नाग. पोरं धावत आली, "मॅडम, साप आंधया झाला जी, डोये पांढरे पडले त्याचे!" मागोमाग काठ्या घेऊन माणसं. आंधळा साप दिसेल त्याला चावतो, असं ठरूनच गेलं होतं. मी ढिगाच्या अलीकडे उभी राहिले आणि सर्पमित्राला फोन लावला. तो आला, लांबूनच बघून म्हणाला, कात आली आहे, भीतीने फणा काढतोय, याला चार-सहा दिवस कुणी छेडू नका. आम्ही शाळेच्या त्या बाजूला दोरी बांधली आणि पोरांना पुढच्या अंगणात खेळायला लावलं.

सहाव्या दिवशी पऱ्हाट्यांच्या काट्याकुट्यांत अडकलेली कात मिळाली, अखंड. खरखरीत जागा हवीच असते त्याला, ओठ घासायला. पोरांनी पट्टीने मोजली, पाच फूट दोन इंच. साप एवढा लांब नव्हता म्हणून वाद झाला. कात निघताना ताणते, हे मग त्यांना समजावलं. पोटाकडचे रुंद खवले त्यांनी बोटांनी मोजायला घेतले, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

पुन्हा आर्वीहून

सगळ्यांचे मनापासून आभार. पाऊस लागल्यापासून पेटीतली आर्द्रता आपोआप 70 वर आहे, तरी काथ्याचा डबा काढलेला नाही. आज सकाळी पुन्हा कात पडली. खिडकीशी नेऊन डोक्याकडचा भाग बोटावर पसरला. दोन्ही भिंगं आहेत.