मदत हवी आहे: डिस्चार्जनंतर थकणारी बिलं

पंधरा खाटांचं नर्सिंग होम आहे. लेखी पेमेंट पॉलिसी करतोय, ती ॲडमिशन फॉर्मवरच छापून सही घ्यायची आहे. बिल थकलं म्हणून पेशंटला किंवा मृतदेहाला अडवून ठेवणं बेकायदेशीर आहे, त्यामुळे तो विषय नकोच.

थकबाकी मुख्यतः कॅशलेसमध्ये होते, म्हणजे विमा कंपनी थेट आम्हाला पैसे देते तिथे. टीपीए (विमा कंपनीसाठी दावे तपासणारी संस्था) अंतिम मंजुरीत ग्लोव्हज, सिरिंज, डायपर वगैरे कापतं. विम्यातली रूम भाड्याची मर्यादा ओलांडली असेल तर इतर काही चार्जेसही त्याच प्रमाणात कापले जातात. तोवर नातेवाईक गाडीत बसलेले असतात. डिपॉझिट घेऊन ठेवणं आणि रूम देतानाच फरकाचा अंदाज लेखी देणं, एवढंच सध्या सुचतंय. काही विमा कंपन्यांच्या करारात डिपॉझिटला मनाई असते, तिथे काय करता?

रोखीच्या पेशंटसाठी दर दोन दिवसांनी अंतरिम बिल द्यायचं ठरवलंय. एका ॲडमिशनमागे रोख दोन लाखांच्या आतच, आयकर कायद्यातल्या रोखीच्या मर्यादेमुळे.

हप्ते दिले तर पुढच्या तारखांचे चेक घ्यावेत का? बाउन्स झाल्यास बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग १५ दिवसांची मुदत, त्यानंतर महिन्याभरात तक्रार. सात-आठ हजारांसाठी वकिलाची फीच जास्त होते. त्यापेक्षा थकबाकी मान्य असल्याचं सही केलेलं पत्र बरं वाटतं. वसुलीचा दावा लावण्याची तीन वर्षांची मुदत संपण्याआधी घेतलं तर मुदत नव्याने सुरू होते.

कुणाकडे अशा पत्राचा मराठी मसुदा आहे का? आणि आठवणीचे फोन रिसेप्शन करतं की वेगळा माणूस? डॉक्टरांनी करू नयेत, एवढं नक्की.