उत्तर: कूलरच्या खोलीतली ओल

'नागपुरात इलेक्ट्रोस्टॅटिक इअरफोनला (विजेच्या भारावर पडदा हलवून आवाज काढणारे) दमटपणाची भीती फक्त जुलै-ऑगस्टात, मे तर कोरडा ठणठणीत' हे बाहेरच्या हवेपुरतं ठीक. पण मे महिन्यात ऐकायला बसतो आपण कूलरसमोर, आणि दारं-खिडक्या बंद असल्या की त्या खोलीतली हवा चांगलीच ओली होते. या इअरफोनचा पडदा जेमतेम काही मायक्रॉनचा, त्यावर बायसचा, म्हणजे कायम ठेवलेल्या विजेचा, भार सतत हवा (शुअर केएसई१५०० या इअरफोनला २०० व्होल्ट, स्टॅक्सच्या प्रो हेडफोनला ५८०). कडेच्या इन्सुलेटरवर ओल बसली की भार तिथून झिरपतो आणि एका कानाचा आवाज बसतो. लोक लगेच अँप (इअरफोनला वीज पुरवणारा अँप्लिफायर) उघडायला निघतात!

आधी मोनो ट्रॅक लावा, प्लेअरमध्ये डावं-उजवं बदला. तरीही तोच कान मंद, तर गाण्याची फाइल निर्दोष. मग इअरफोन सिलिका जेलसोबत घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. आवाज परत आला तर ओलच होती. हेअर ड्रायर मात्र अजिबात नको. कानात घालताना येणारा 'फट्ट' आवाज हवेच्या दाबाचा, त्याने घाबरू नका. आणि अँप स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. त्यातली लिथियम बॅटरी उन्हात तापते, आणि तापलेली तशीच चार्जिंगला लावणं तर त्याहून वाईट.