गावच्या घरातल्या वेब सर्व्हरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम टाकावी?

पालशेतचा_पाहुणा
मंडळी, सल्ला हवाय. गुहागर तालुक्यात आमचं घर आहे. आई-बाबा तिथे, मी नोकरीपायी पुण्यात. घरी एक जुना डेस्कटॉप पडून आहे: 64 बिट, 4 जीबी रॅम, मागाहून बसवलेली एसएसडी. त्यावर विंडोज 10 होतं, त्याचा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला. म्हटलं, भंगारात देण्यापेक्षा छोटा वेब सर्व्हर करू. आमच्या राहण्या-जेवणाच्या घरगुती सोयीचं साधं पान, आणि शिमग्याच्या पालखीचे फोटो. हे फोटो मुंबईचे चाकरमानी वर्षभर मागत असतात. शिमगा आणि गणपती सोडले तर पानावर फारसं कुणी फिरकणार नाही.

ऑफिसात लिनक्स वापरतो, कमांड लाइनची भीती नाही. पण उबंटू, डेबियन, अल्पाइन, रॉकी, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी असं वाचून वाचून डोकं भणभणलंय. अट एकच: काही बिघडलं तर मी तिथे नसणार. बाबांना फोनवरून "बटण दाबा" यापलीकडे काही सांगायचं नाही.

दापोलीकर_अण्णा
डेबियन 13. शेवटची अट वाचली आणि बाकीचे पर्याय माझ्यापुरते गळाले.

तुम्हाला वेगवान किंवा नवीनतम काही नकोय. विसरून जाता येईल असं हवंय. डेबियन 13 ऑगस्ट 2025 मध्ये आलं आणि एलटीएस, म्हणजे लांबवलेला आधार, धरून 2030 पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतील. इन्स्टॉल करताना डेस्कटॉपची खूण काढा, एसएसएच सर्व्हरची (दुरून कमांड लाइन मिळते ती) ठेवा. मग 4 जीबी रॅम म्हणजे चैन आहे. अनअटेंडेड-अपग्रेड्स हे आपोआप अपडेट करणारं पॅकेज टाका आणि त्यातलं ऑटोमॅटिक-रीबूट चालू करा, पहाटे 4 ची वेळ देऊन. ते मुळात बंद असतं. मग नवा कर्नल (सिस्टीमचा गाभा) उतरतो, पण मशीन महिनोन् महिने जुन्याच कर्नलवर चालत राहतं.

उबंटू 24.04 घेतलंत तरी बिघडत नाही, 2029 पर्यंत चालेल. मला स्नॅपचा (उबंटूच्या वेगळ्या पॅकेज पद्धतीचा) जाच नको असतो म्हणून डेबियन. रॉकी 10 च्या वाटेला जाऊ नका. त्याला एक्स86-64-व्ही3 दर्जाचा प्रोसेसर लागतो, हॅसवेल पिढीच्या आधीच्या इंटेल प्रोसेसरवर ते चढणारच नाही.

पफीप्रेमी
कुणीच बोलणार नाही म्हणून मी बोलतो: ओपनबीएसडी. वेब सर्व्हर, फायरवॉल, लेट्स एनक्रिप्टची (एचटीटीपीएससाठीची फुकट) सर्टिफिकेटं आणणारा प्रोग्रॅम, सगळं मूळ सिस्टीममध्येच येतं. बाहेरचं एकही पॅकेज न टाकता तुमचं पान उभं राहील. वेब सर्व्हरची कॉन्फिग फाइल दहाएक ओळींची, आणि मॅन पेज (सिस्टीमसोबतची माहितीपानं) इतकी नेटकी की गुगल उघडावं लागत नाही. साध्या पानासाठी यापेक्षा स्वच्छ काही नाही.

दापोलीकर_अण्णा
पफीप्रेमी, माझ्या टेबलाखाली ठेवायचा असता तर मीही तेच टाकलं असतं. पण गुहागरात पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते? ओपनबीएसडीच्या फाइल सिस्टीमला जर्नलिंग (बदल आधी नोंदवून ठेवणं) नाही. मशीन धाडकन बंद पडलं की पुढच्या बूटला पूर्ण एफएससीके (डिस्कची तपासणी) चालतं, आणि त्याला आपलं आपण निस्तरता आलं नाही तर ते सिंगल-युझर मोडमध्ये जाऊन कीबोर्डवर माणसाची वाट बघत बसतं. तो माणूस म्हणजे यांचे बाबा. शिवाय दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, आणि जुनीला जेमतेम वर्षभर आधार. डेबियनची फाइल सिस्टीम ईएक्सटी4 जर्नल वाचून बहुतेक वेळा गुमान उठतं.

पफीप्रेमी
एफएससीकेचा मुद्दा मान्य. मग फ्रीबीएसडी, झेडएफएस या फाइल सिस्टीमवर? 4 जीबीत चालतं, आणि अपडेटच्या आधी स्नॅपशॉट (मागे परतता येईल अशी नोंद) घेता येतो.

दापोलीकर_अण्णा
चालेल की. फक्त त्यांना लिनक्स येतं आणि फ्रीबीएसडी लिनक्स नव्हे, मग नव्याने कशाला शिकायचं?

कुडाळचो_झील
आरे, आधी लायटीचा बघ, मगे लिनक्साचा!

आता प्रमाण भाषेत. जुन्या डेस्कटॉपची खरी गोम बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगांत) असते. "रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस" असा पर्याय शोध, तो "पॉवर ऑन"वर ठेव. म्हणजे लाइट आली की मशीन आपोआप चालू. "हॉल्ट ऑन" असेल तर "नो एरर्स" कर, नाहीतर कीबोर्ड जोडलेला नाही म्हणून तिथेच अडून बसेल. आणि मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल आधी बदल. तो मेलेला असला की वीज गेल्यावर ही सगळी सेटिंगं पुसली जातात, घड्याळ मागच्या कुठल्यातरी सालात जातं आणि पडद्यावर येतं "एफ1 दाबा". मग टाक हवी ती ओएस, एफ1 कोण दाबतलो?

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावरचं बटण यूपीएस मोडला आहे ना बघ. साध्या मोडला पंखे-दिवे सांभाळतात, कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होऊ शकतो. फायबरचा डबा आणि राउटरही त्याच लाइनवर घे.

खाडीपलीकडे
तुम्ही सगळे ओएसवर भांडताय, पण बाहेरून या मशीनपर्यंत पोचता येईल का ते कुणी विचारलं? राउटरच्या पानावर वॅन आयपी (इंटरनेटकडच्या बाजूचा पत्ता) बघा. 100.64 ते 100.127 यांतल्या आकड्याने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात (नेटवाला एकच बाहेरचा पत्ता अनेकांत वाटतो), राउटरवरून वाट उघडण्याचा, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंगचा, काडीचा उपयोग नाही.

पालशेतचा_पाहुणा
बाबांकडून फोटो मागवला. 100.78 ने सुरू होतोय. नेटवाल्याला स्टॅटिक आयपी विचारला, तर म्हणाला ऑफिसात येऊन अर्ज करा. आता?

खाडीपलीकडे
अर्जाच्या नादी लागू नका. एक लहानसा व्हीपीएस (डेटा सेंटरमधला आभासी सर्व्हर) भाड्याने घ्या, घरच्या मशीनवरून त्याच्याशी वायरगार्ड हे व्हीपीएन जोडा. बोलणं घरून सुरू होतं, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. घरच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह 25 ठेवा, नाहीतर लाइन शांत राहिली की नॅट वाट विसरतो. कुडाळवाल्यांचा सेल इथेही कामाला येतो: घड्याळ मागे गेलं तर व्हीपीएस वायरगार्डचा हँडशेक नाकारतो, वेळ जुळेपर्यंत.

खरं सांगायचं तर व्हीपीएस घेतलाच तर सोयीचं पान तिथेच ठेवा. ते ऐन गणपतीत बंद पडलं तर धंद्याचं नुकसान. फोटो घरी राहू द्या, ते दोन तास दिसले नाहीत तरी चाकरमानी कुरकुरतील, बाकी काही नाही. दोन्हीकडे डेबियनच टाका, म्हणजे डोक्यात एकच पद्धत राहते.

दापोलीकर_अण्णा
हे पटलं. फोटोंची एक प्रत मात्र पुण्यात तुमच्याजवळ असू द्या. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर आमच्या दापोली-मंडणगडात गावंच्या गावं कित्येक आठवडे अंधारात होती. तेव्हा इन्व्हर्टर काय आणि जर्नलिंग काय.

पालशेतचा_पाहुणा
ठरलं, दोन्हीकडे डेबियन 13, पान व्हीपीएसवर, फोटो घरी. पुढच्या फेरीत सेल घेऊन जातो. मशीन पडवीतल्या खिडकीशी आहे, वारा चांगला लागतो तिथे. चालेल ना?

कुडाळचो_झील
समुद्राकडच्या खिडकीशी? खारा वारा थेट पंख्यातून आत. रॅमचे पाय हिरवे व्हायला लागतील. माजघरात ने, जमिनीपासून वर ठेव, आणि पंख्याची जाळी अधूनमधून पुसायला बाबांना सांग. एवढं बटण दाबण्याच्याच जातीचं काम आहे.